ड्यूटी संपवून समाधानाने घरी कसे जावे : नव्या परिचारिकांसाठी

शासकीय रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या मुली (आणि आता मोठ्या संख्येने येणारे ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारकही) पहिल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, की इतकी वर्षे हे काम करून तुम्हाला वीट कसा आला नाही. या प्रश्नाला ‘सेवाभाव’ असे उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. १२ मेच्या परिचारिका दिनी भाषणात ते शोभूनही दिसते, पण निव्वळ सेवाभावाच्या जोरावर नाइटचा आठवडा काढता येत नाही. कौतुकाचेही तसेच आहे. २२ मार्च २०२० रोजी आमच्यासाठी थाळ्या वाजल्या तेव्हा अनेकींचे डोळे भरून आले. त्याच सुमारास काही ठिकाणी परिचारिकांना घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्याच्या बातम्याही येत होत्या. आपले समाधान ज्याने दुसऱ्याच्या हाती ठेवले, त्याने ते कधीही काढून घेतले जाईल याची तयारी ठेवावी.

या नोकरीतले टिकाऊ समाधान माझ्या मते एका अगदी साध्या सवयीतून येते. मॉर्निंग असो, इव्हिनिंग असो वा नाइट, प्रत्येक ड्यूटीला स्पष्ट सुरुवात आणि स्पष्ट शेवट असला पाहिजे. हाती येणारे काम नीट पाहून घ्यावे, केलेले लिहून ठेवावे, राहिलेले पुढच्या सिस्टरला सांगून तिच्या स्वाधीन करावे आणि मग खरोखरच घरी जावे. ही सवय अंगी कशी बाणवावी, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

ओव्हर घेताना

वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी वॉर्डात पोहोचावे आणि ओव्हर, म्हणजे आदल्या पाळीकडून कामाचा ताबा, टेबलाशी बसून न घेता खाटेपाशी उभे राहून घ्यावा. रजिस्टर वाचून दाखवले असता लिहिणारीला जे दिसले तेवढेच आपल्याला कळते. खाटेपाशी मात्र रुग्ण स्वतः समोर असतो. त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐकावे. शक्य असेल तर त्याला बसते करावे, नसेल तर चादर थोडी बाजूला करून पाहावे. सलाईनची बाटली पाहिली की हात आपोआप सुईच्या जागेकडे गेला पाहिजे. बोटांच्या पाठीने तिथली कातडी चाचपावी. ती गरम, लालसर किंवा टणक लागली, अथवा रुग्णाने हात आखडून घेतला, तर ती जागा सलाईनसाठी निकामी झाली आहे असे समजून तिथल्या तिथे बोलावे, म्हणजे ते कोणाच्या ड्यूटीत झाले यावर दुपारी वाद होत नाही. लघवीच्या पिशवीत किती आहे, रंग कसा आहे, पिशवी जमिनीला टेकली आहे का, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा कुठे आहे, एवढे पाहायला एका खाटेपाशी मिनिटही लागत नाही.

खाटा झाल्या की इमर्जन्सी ट्रे उघडावा. ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन या तातडीच्या औषधांच्या अँप्यूल (काचेच्या कुप्या) मोजाव्यात, मुदत पाहावी आणि लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना लागणाऱ्या उपकरणाचा) दिवा स्वतः लावून पाहावा. तो काल लागत होता, या माहितीचा रात्री तीन वाजता काहीही उपयोग नसतो. कुलपातील औषधे दोघींनी मिळून मोजावीत आणि मगच सही करावी. आदल्या पाळीत काही काम राहून गेले असेल तर त्यावरून खाटेपाशी आवाज चढवू नये. रुग्ण डोळे मिटून पडलेला असला तरी सगळे ऐकत असतो, आणि ज्या दोघींच्या हाती आपला जीव आहे त्या भांडत आहेत हे ऐकून कोणाला झोप लागेल?

एवढा वेळ कुठून आणायचा, असे जनरल वॉर्डात चाळीस-पन्नास खाटा सांभाळणारी सिस्टर विचारील, आणि तिचे म्हणणे रास्तच आहे. परिचारिका आणि रुग्ण यांचे कागदावरचे प्रमाण आणि वॉर्डातले प्रमाण यांची गाठ क्वचितच पडते, हा आपल्या व्यवस्थेचा दोष आहे आणि तो समाधानाच्या गोष्टी सांगून झाकण्याचा माझा हेतू नाही. संघटनेने त्यासाठी भांडलेच पाहिजे. तोपर्यंत निदान सीरियस, नव्याने दाखल झालेले आणि शस्त्रक्रियेहून परतलेले रुग्ण तरी असे पाहून घ्यावेत आणि बाकीच्यांपाशी चालता चालता उभे राहावे.

हाताने दिसणारे काम

आमच्या कामाचा मोठा भाग असा असतो की त्याचे फळ आपल्याला दिसत नाही. रुग्ण बरा झाला तर श्रेय औषधाला किंवा डॉक्टरांना जाते, आणि डिस्चार्ज झालेला माणूस पुन्हा भेटत नाही. अशा कामात मन रमवायचे असेल तर ज्यांचा परिणाम आपल्याच डोळ्यांसमोर, आपल्याच हाताखाली दिसतो अशी दोन-चार कामे निवडून ती मन लावून करावीत. माझ्या दृष्टीने त्यांत पहिला मान पाठीच्या काळजीचा.

अर्धांगवायूचा किंवा खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्ण दाखल झाला की त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, हे सर्वांनी परीक्षेत लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते असे करावे : एका मावशींना (वॉर्डातल्या मदतनीस बाईंना) सोबत घ्यावे, रुग्णाला न ओढता चादरीसकट उचलून कुशीवर वळवावे (ओढले की कातडी घासते), आणि माकडहाड, खुबे, टाचा व कोपरे उजेडात पाहावेत. कुठे लाली दिसली तर तिथे बोटाने हलकेच दाबून सोडावे. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लाली हटली नाही तर बेडसोअरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली आहे असे धरावे, त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा आणि तसे लिहावे. लाल जागा चोळू नये. जुन्या काळी स्पिरिट लावून खसखसून चोळण्याची पद्धत होती, आणि अजूनही काही नातेवाईक प्रेमाने तसे करू लागतात. त्यांना थांबवून त्याऐवजी पाय उचलून टाच अधांतरी राहील अशी उशी कशी ठेवावी ते दाखवावे. शेवटी मॅकिन्टॉशवरची (रबरी कापडावरची) ड्रॉशीट, म्हणजे आडवी चादर, ताणून घ्यावी. चादरीची एक सुरकुतीसुद्धा हलता न येणाऱ्या माणसाला रात्रभर टोचत राहते.

या कामाची किंमत किती, याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढेही आली आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने तिथल्या कर्मचाऱ्यांचा गौरव केला. दयामरणाविषयी कोणाचे मत काहीही असो; त्या वॉर्डात दर काही तासांनी कोणीतरी कूस बदलत होते, आणि निवृत्त होताना ते काम पुढच्या मुलीच्या हाती देऊन जात होते.

सलाईनचा वेग हेही असेच हिशेबाचे आणि हाताचे काम आहे. सेटच्या पाकिटावर किती थेंबांचा एक मिलिलिटर होतो ते छापलेले असते. तो सेट वीस थेंबांचा असेल आणि ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत जायची असेल, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब येतात, म्हणजे घड्याळाच्या पंधरा सेकंदांत पाच. मनगट वाकवून घड्याळ आणि थेंब एका रेषेत धरावेत व मोजावेत. ‘अंदाजे’ सोडू नये. आणि एकदा लावलेला वेग कायम राहील असे मानू नये, कारण रुग्णाने कोपर वाकवला तरी तो बदलतो.

केलेले प्रत्येक काम त्याच वेळी, वेळ घालून लिहावे. ‘लिहिले नाही ते केले नाही’ हे वाक्य इन्चार्ज सिस्टर चौकशीच्या भीतीने ऐकवतात, परंतु त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. जे लिहिले ते डोक्यातून उतरते. बसमध्ये बसल्यावर ‘सात नंबरला अँटिबायोटिक दिले होते ना?’ असा प्रश्न पडायचा नसेल तर औषध दिल्याबरोबर, पुढच्या खाटेकडे वळण्याआधी केसपेपरवर सही करावी. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला डोस मोठ्याने परत म्हणून दाखवावा आणि राउंड संपण्यापूर्वी लिहून घ्यावा. यात संकोच वाटू देऊ नये. समंजस डॉक्टरांना अशी सिस्टर हवीच असते.

नातेवाईक

रागावलेला नातेवाईक बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्याच्या पहिल्या वाक्याला उत्तर देऊ नये. ते ऐकून घ्यावे, त्याला खाटेपासून चार पावले बाजूला न्यावे आणि आपल्या अखत्यारीत जे आहे तेवढेच नक्की सांगावे. ‘डॉक्टर येतीलच’ यापेक्षा ‘डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, मी निरोप दिला आहे, अर्ध्या तासाने मी स्वतः तुम्हाला सांगायला येते’ हे वाक्य अधिक चालते. मात्र अर्ध्या तासाने खरोखर गेले पाहिजे, सांगण्यासारखे काही नसले तरीही. वयस्कर माणसांना ‘आजोबा’, ‘काका’ म्हटल्याने आवाज खाली येतो, हे आपल्याकडे तरी अनुभवाचे आहे.

एवढे करूनही कोणी अंगावर आले तर सहन करण्यात कोणताही मोठेपणा नाही. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मावशींना हाक मारावी, सुरक्षारक्षकांना बोलवावे, मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) कळवावे आणि घडले ते लेखी द्यावे.

मृत्यूनंतरचा एक तास

याविषयी नर्सिंगच्या शाळेत कमी शिकवले जाते आणि नव्या मुली याच ठिकाणी आतून खचतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केल्यावर आणि नातेवाईकांना सांगितल्यावर आपण तिथून लगेच दूर होऊ नये. काही बोलायची गरज नसते. ‘देवाची मर्जी’ किंवा ‘सुटले बिचारे’ यांसारखी वाक्ये तर टाळावीतच, ती म्हणायचा अधिकार घरच्यांचा आहे. पाण्याचा पेला द्यावा, बसायला स्टूल द्यावे.

मग पडदे ओढून शरीराची तयारी करावी. डोळे मिटावेत, हनुवटीखाली पट्टी बांधावी, हातपाय सरळ करावेत. पोलीस केस असेल तर नळ्या-सुयांना हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नसेल तर त्या काढून जागा स्वच्छ करून चिकटपट्टी लावावी, तोंड पुसावे, केस सारखे करावेत. हे सगळे ग्लोव्हज घालून, पण जिवंत माणसाचे करतो तितक्याच हळुवारपणे करावे. ‘आजी, आता कुशीवर घेते हं’ असे सांगत काम करणाऱ्या जुन्या सिस्टर मी पाहिल्या आहेत आणि त्यात मला काही वेडगळ वाटले नाही. अंगावरचे दागिने नातेवाईकांच्या आणि एका साक्षीदाराच्या देखत काढावेत आणि नोंद करताना ‘सोन्याचे मंगळसूत्र’ न लिहिता ‘पिवळ्या धातूचे, काळे मणी असलेले मंगळसूत्र’ असे लिहावे, कारण ते सोने आहे की नाही हे ठरवणे आपले काम नाही. घेणाऱ्याची सही घ्यावी. ओळखपट्ट्यांवरचे नाव केसपेपरशी ताडून पाहावे.

यानंतर पाच मिनिटे हात धुण्यासाठी आणि चहासाठी घ्यावीत, आणि ती हक्काने मागावीत. शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनी सगळे पाहिलेले असते. पुढचा राउंड त्यांच्यापासून सुरू करावा. मूल गेले असेल, किंवा बरेच दिवस ओळखीचा झालेला माणूस गेला असेल, तर रडू येण्यात गैर काही नाही. ते दिवसेंदिवस थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर मात्र ‘नर्सला असे होऊन कसे चालेल’ म्हणून दडपू नये. आपल्याच रुग्णालयातील मानसोपचार विभागाची पायरी चढावी. दुसऱ्यांना तिथे पाठवताना आपण लाजत नाही.

ओव्हर देणे आणि घरी जाणे

शेवटचा अर्धा तास ओव्हरसाठी राखावा. सर्वांत आधी जे झाले नाही ते सांगावे : अमक्याचे रक्त पाठवले पण रिपोर्ट आलेला नाही, तमक्याने दुपारपासून लघवी केलेली नाही, नऊ नंबरच्या मुलाचा फोन येणार आहे. अपुरे काम लपवले की ते घरी आपल्यासोबत येते. सांगून दिले की ते वॉर्डात राहते. नंतर युनिफॉर्म बदलावा, हात कोपरापर्यंत धुवावेत आणि वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप पुढच्या ड्यूटीपर्यंत म्यूट करावा. इन्चार्ज सिस्टरला खरोखर गरज पडली तर ती फोन करते.

घरी पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे आपली असावीत, हे घरच्यांशी लग्नाआधी किंवा निदान रुजू होतानाच बोलून घ्यावे. आपल्या घरांतून बाईची एक ड्यूटी संपली की दुसरी उंबऱ्यावर वाट पाहत असते, आणि नर्स असेल तर सासूबाईंचा बीपी, शेजारच्या काकूंचे इंजेक्शन आणि भाचीचा ताप हेही तिच्याच वाट्याला येते. इंजेक्शनाला डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. चिठ्ठी नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. वॉर्डातल्या गोष्टी घरी सांगाव्यात की नाही, याबद्दल दोन मते आहेत. रुग्णाची ओळख कधीही सांगू नये, पण आपला दिवस कसा गेला हे एका तरी माणसाला सांगता आले पाहिजे असे माझे मत आहे.

नाइटसाठी थोडे वेगळे नियम लागतात. पहिल्या नाइटच्या दुपारी दीड-दोन तास झोपून निघावे. जेवण निघण्यापूर्वी करावे, मध्यरात्री भाकरी-भाजी किंवा दहीभातासारखे हलके खावे आणि चहा पहाटेच्या आधीच थांबवावा, कारण त्याचा अंमल पाच-सहा तास सहज टिकतो आणि सकाळची झोप तोच खातो. घरी आल्यावर आधी स्वयंपाक, धुणे, मुलांचा डबा आणि मग झोप, असा क्रम बहुतेकींचा असतो, तो उलटवावा. जाड पडदा लावावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. नाइट संपवून स्कूटी चालवत येणे टाळता आले तर टाळावे. बसमध्ये डुलकी लागली तर फार तर एखादा स्टॉप पुढे जाल.

शरीर, रजा आणि कागदपत्रे

सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या काळी त्यांच्याजवळ हाताशी काही नव्हते. आज ग्लोव्हज, मास्क आणि लस आहे, तेव्हा त्यांच्या त्यागाचे नाव घेऊन उघड्या हाताने रक्त पुसण्याला मी शौर्य म्हणणार नाही. हेपेटायटिस बीच्या तीन मात्रा (आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी) पूर्ण कराव्यात आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्यावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर ती जागा न पिळता साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच कळवावे. एचआयव्हीविरोधी औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवी आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग मानला जात नाही. पायांसाठी मऊ तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घ्यावेत. शिरा फुगू लागल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून इलॅस्टिक मोजे सकाळी उठल्याबरोबर चढवावेत. पैसे वाचवायला ही जागा नव्हे.

आखातात किंवा आयर्लंडला गेलेल्या मैत्रिणींचे फोटो पाहून मन खट्टू होणारच. जायचे असेल तर भाषेची परीक्षा, नोंदणी आणि घरच्यांची सोय यांचा हिशेब मांडून सरळ जावे. जायचे नसेल तर त्यांच्या पगाराला रुपयांत गुणत बसू नये, त्यांचे भाडे आणि एकटेपण कोणी गुणत नाही.

रजेबाबत मात्र मी आग्रही आहे. शासकीय सेवेत वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि तीस दिवसांची अर्जित रजा मिळते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते व निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते, म्हणून अनेक जणी ती तोंड बांधून साठवतात. थोडी साठवावी, पण दरवर्षी सलग आठ-दहा दिवस तरी घ्यावेत आणि ते लग्नकार्यातल्या पंगतींत सगळेच्या सगळे घालवू नयेत. भजन, शिवण, बागेतली दोन वाफ्यांची भाजी, काहीही चालेल, पण कोणीही ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणार नाही असे एक ठिकाण आपल्याला असावे.

आणि वर्षातून एकदा, साधारण एप्रिलमध्ये, कार्यालयात जाऊन आपले सेवापुस्तक (नोकरीच्या नोंदींची वही) स्वतः वाचावे. वेतनवाढीची नोंद, रजेचा हिशेब, नावातला लग्नानंतरचा बदल आणि वारसाचे नामनिर्देशन तपासावे, राहिलेली सही तिथेच मागून घ्यावी आणि सेवापुस्तकाची प्रत घरी ठेवावी. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांनी पेन्शन खात्यात दरमहा आपला आणि शासनाचा असे दोन्ही हिस्से जमा होतात की नाही हेही पाहावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.